कुर्तुबा : बाजार उठला, इमारत राहिली

इंग्रजी भाषेत नवे जोडे शिवणाऱ्या कारागिरासाठी 'कॉर्डवेनर' असा एक जुना शब्द आहे. फाटक्या जोड्याला टाके घालणारा तो 'कॉबलर' आणि कोऱ्या कातड्यापासून नवा जोडा तयार करणारा तो 'कॉर्डवेनर', हा फरक लंडनचे कारागीर कटाक्षाने पाळत. त्यांच्या संघटनेचे नियम १२७२ सालापासूनचे आहेत व ती संघटना आजही अस्तित्वात आहे. फ्रेंच भाषेतील 'कॉर्दोनिए' हा मोच्यासाठीचा शब्दही त्याच घराण्यातला. हे दोन्ही शब्द एका शहराच्या नावावरून आले आहेत. ते शहर म्हणजे स्पेनमधील कॉर्डोबा, म्हणजेच अरबी इतिहासातील व उर्दू साहित्यातील कुर्तुबा. पैठणच्या नावावरून पैठणी झाली, तसे या शहराच्या नावावरून चामड्याला 'कोर्दोबान' हे नाव पडले, आणि चामड्यावरून ते शिवणाऱ्याला.

कुर्तुबा म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर जामा मशिदीच्या लाल-पांढऱ्या कमानी उभ्या राहतात. अल्लामा इक्बाल १९३३ साली तेथे गेले, त्यांनी तेथे नमाज अदा केली आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म लिहिली, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ज्या बाजाराच्या बळावर ते शहर उभे राहिले त्या बाजाराविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. या पानावर त्याचीच हकीकत द्यावयाची आहे.

तेल, सोने आणि कातडे

कुर्तुबा ग्वादलकिवीर नदीच्या काठी वसले आहे. हे नावही अरबीच, 'अल्-वादी अल्-कबीर', म्हणजे मोठी नदी. रोमन काळात हे शहर एका प्रांताची राजधानी होते आणि त्या प्रांताचा मुख्य माल होता ऑलिव्हचे तेल. मातीच्या मोठ्या रांजणांत भरून हे तेल नदीमार्गे समुद्रापर्यंत व तेथून रोमला जाई. रिकामे झालेले रांजण परत पाठविणे परवडत नसल्याने ते फोडून टाकले जात. त्या खापरांची रोममध्ये एक टेकडीच तयार झाली आहे व ती आजही पाहावयास मिळते.

इ.स. ७११ मध्ये मुस्लिम सैन्याने स्पेनमध्ये पाऊल ठेवले आणि ७५६ मध्ये उमय्या घराण्यातील अब्दुर्रहमान (पहिला) याने कुर्तुब्यात आपली सत्ता स्थापन केली. मशिदीचे काम सुमारे ७८५ साली सुरू झाले. ज्या जागेवर ती उभी आहे ती जागा अब्दुर्रहमानने ख्रिस्ती लोकांना किंमत देऊन विकत घेतली, असे जुने अरबी इतिहासकार लिहितात. तेथे आधी नेमके काय होते यावर पुरातत्त्व-अभ्यासकांत वाद आहे. हा वाद केवळ पंडितांचा नाही, हे पुढे दिसून येईलच.

९२९ साली अब्दुर्रहमान (तिसरा) याने स्वतःला खलिफा घोषित केले आणि त्याच सुमारास कुर्तुब्याच्या टांकसाळीतून सोन्याचे दिनार पडू लागले. सोने आफ्रिकेतून, सहारा वाळवंट ओलांडून उंटांच्या काफिल्यांनी येत असे. त्याच वाटेने हस्तिदंत येई. कुर्तुब्याच्या कारागिरांनी हस्तिदंतावर कोरलेली एक डबी ९६८ सालची आहे व ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ठेवलेली आहे. तिच्यावरील कोरीव काम पाहिले म्हणजे त्या काळच्या गिऱ्हाइकाची ऐपत आणि कारागिराचा हात दोन्ही कळतात. या बाजारात गुलामांचीही खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणावर होत असे. पूर्व युरोपातून आणलेली माणसे येथे विकली जात. वैभवाचे वर्णन करताना हा भाग गाळून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, ती बरी नव्हे.

आता कातड्याकडे वळू. मूळ कोर्दोबान हे बकऱ्याचे कातडे. सुमाक नावाच्या झुडपाच्या तुरट पाल्याने ते कमावीत. त्यामुळे ते मऊ राही आणि टिकाऊही होई. दुसरा प्रकार 'ग्वादामेसी'. त्यासाठी मेंढीचे कातडे वापरीत. त्यावर चांदीचा वर्ख चिकटवून वरून पिवळसर वार्निश दिले की चांदी सोन्यासारखी दिसे. मग त्यावर ठसे उठवून रंग भरीत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात भिंतींना गालिच्याऐवजी हे कातडे लावले जाई. 'ग्वादामेसी' हे नाव लिबियातील गदामेस या गावावरून आले असे मानतात. म्हणजे कला आफ्रिकेतून आली व नाव झाले कुर्तुब्याचे.

आज उंची बुटांच्या दुकानांत 'कॉर्डोव्हन' नावाचे महागडे चामडे मिळते, ते मात्र घोड्याच्या पुठ्ठ्याचे असते. मूळ मालाशी त्याचा संबंध नावापुरताच.

मोहतसिबाची नजर

बाजाराचा मुख्य भाग जामा मशिदीच्या आसपास होता. साध्या मालाचा तो 'सूक'. रेशमी व किमती कापडाचा बंदिस्त बाजार तो 'कैसरिया'. परगावच्या व्यापाऱ्यांनी उतरावे, माल साठवावा व तेथेच सौदे करावेत अशी सराय तो 'फंदूक'. या सगळ्यावर मोहतसिबाची, म्हणजे बाजार-निरीक्षकाची नजर असे. वजने-मापे तपासणे, नानबाईच्या पावाचे वजन पाहणे, दुधात पाणी घालणाऱ्यास पकडणे, मेलेल्या जनावराचे मांस विकू न देणे, रस्त्यावर माल मांडून वाट अडविणाऱ्यास उठविणे ही त्याची कामे. आंदलुसात जन्मलेले व पुढे ट्युनिशियात स्थायिक झालेले याह्या इब्न उमर (मृत्यू ९०१) यांनी केवळ बाजाराच्या कायद्यांवर एक ग्रंथ लिहिला. या विषयावरील तो सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक मानला जातो.

ही व्यवस्था इतकी उपयोगी ठरली की पुढे ख्रिस्ती राजांनी शहरे जिंकली तरी मोहतसिबाचे पद ठेवले. फक्त त्याचा उच्चार 'अल्मोतासेन' असा झाला. नाण्यांचीही तीच गोष्ट. बाराव्या शतकात कास्तीलच्या ख्रिस्ती राजाने टोलेडो येथे सोन्याचे नाणे पाडले, ते मुस्लिम दिनाराच्या धर्तीवर आणि चक्क अरबी अक्षरांत! मजकूर ख्रिस्ती श्रद्धेचा, लिपी अरबी. कारण बाजारात ज्या नाण्यावर लोकांचा विश्वास बसलेला असतो त्याचाच चेहरा नव्या नाण्याला द्यावा लागतो.

स्पॅनिश भाषेतील व्यापाराचे शब्द पाहिले तर आपल्याला घरच्यासारखे वाटेल. टांकसाळीला ते 'सेका' म्हणतात, तो अरबी 'सिक्का', म्हणजेच आपला शिक्का. जकातीच्या कचेरीला 'अदुआना' म्हणतात, तो 'दीवान', म्हणजेच आपला दिवाण. गोदामाला 'अल्मासेन' म्हणतात. तो 'मखजन', आणि आपला खजिना त्याच धातूचा. तेलाला 'असेइते', लिलावाला 'अल्मोनेदा', सोन्याच्या कसाला 'किलाते', सगळे अरबी. साखर व नारिंग ही नावे तर भारतातूनच निघाली. फारसी-अरबी मार्गे ती स्पेनला पोचली आणि तेथे 'असुकार' व 'नारांखा' झाली. वर उल्लेखिलेला 'फंदूक' हा शब्द पोर्तुगीज भाषेत 'आल्फांदेगा' झाला. गोव्यात पोर्तुगीज अमलात जकातीच्या कचेरीचे हेच नाव होते.

आकड्यांविषयी सावध

कुर्तुब्यात ८० हजार दुकाने होती, खलिफा हकम (दुसरा) याच्या ग्रंथालयात ४ लाख ग्रंथ होते, असे आकडे व्याख्यानांतून ऐकू येतात. यांतील बरेच आकडे मक्करी नावाच्या इतिहासकाराच्या ग्रंथातून आले आहेत. तो सतराव्या शतकातला, म्हणजे खिलाफत बुडून सहाशे वर्षे झाल्यावरचा. त्याने जुन्या ग्रंथांतून ते घेतले हे खरे, पण दुकाने कोणी मोजली होती? असे आकडे जसेच्या तसे सांगत राहिल्याने खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

खऱ्या गोष्टी कमी नाहीत. दहाव्या शतकात हे शहर पश्चिम युरोपातील सर्वांत मोठे होते याबद्दल इतिहासकारांत फारसा मतभेद नाही. पुस्तकांचा बाजार तर विशेषच. ग्रंथ हाताने नकलून विकण्याचा धंदा येथे चांगला चाले आणि शहराच्या एका उपनगरात कुरआनच्या प्रती लिहिणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, असे जुने ग्रंथकार सांगतात. इब्न रुश्द (११२६-११९८) या कुर्तुब्याच्या सुपुत्राच्या नावावर एक मार्मिक निरीक्षण सांगितले जाते. सेव्हिल शहरात एखादा विद्वान वारला तर त्याची पुस्तके विकण्यासाठी कुर्तुब्याला आणतात, आणि कुर्तुब्यात एखादा गवई वारला तर त्याची वाद्ये सेव्हिलला नेतात, असा त्याचा आशय. कोणत्या मालाला कोणत्या गावात गिऱ्हाईक आहे याचे इतके नेमके ज्ञान आजच्या बाजार-पाहणीतूनही क्वचितच मिळते.

कारागिरांचे काय झाले?

१०१० साली यादवीत कुर्तुब्याबाहेरील मदीनतुज्जहरा हे शाही नगर लुटले गेले. ९३६ साली पाया घातलेल्या त्या नगराला पाऊणशे वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याचे खांब दूरदूरच्या इमारतींत गेले व दगड शतकानुशतके जवळच्या बांधकामांना पुरले. पुढे लोक त्या ढिगाऱ्याला नुसतेच 'जुने कॉर्डोबा' म्हणू लागले. १९११ साली तेथे उत्खनन सुरू झाले, तरी आजवर त्याचा लहानसाच भाग उघडा झाला आहे. १०३१ मध्ये खिलाफत संपली आणि २९ जून १२३६ रोजी कास्तीलचा राजा फर्डिनांड (तिसरा) याने कुर्तुबा घेतले.

मुस्लिम रहिवाशांपैकी बहुतेकांना शहर सोडावे लागले. घरे व दुकाने नव्या वसाहतवाल्यांना वाटली गेली. मशिदीचे चर्च करण्यात आले. परंतु इमारत ताब्यात घेणे सोपे, ती राखणे कठीण. तिच्या कमानी, तिचे लाकडी छत, तिची डागडुजी हे सगळे ज्यांना येत होते ते मुस्लिम गवंडी व सुतारच होते. म्हणून त्याच शतकात राजाज्ञा निघाली की शहरातील मुस्लिम गवंडी व सुतारांनी दरवर्षी दोन दिवस या इमारतीचे काम करावे. ज्यांच्याकडून इमारत घेतली त्यांच्याच हातांवाचून ती उभी राहत नव्हती.

यानंतर चामड्याचा धंदा लगेच बुडाला असे म्हणणे मात्र चुकीचे आहे. आपल्याकडील काही लेखक तसे लिहितात. वस्तुस्थिती अशी की कुर्तुब्याचे चामडे पुढे तीनशे वर्षे युरोपभर गाजत राहिले. राज्य बदलले तरी कसब शिष्याच्या हातात उतरले होते, ते राज्याबरोबर गेले नाही. धक्के नंतर बसले. १४९२ मध्ये यहुद्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. १५०२ मध्ये कास्तीलमधील मुस्लिमांना धर्मांतर किंवा देशत्याग यांतून एक निवडावे लागले. आणि १६०९ ते १६१४ या काळात धर्मांतरित मुस्लिमांच्या वंशजांनाही हद्दपार करण्यात आले. त्यांची संख्या सुमारे ३ लाख होती. त्यातच अमेरिकेचा सारा व्यापार १५०३ पासून सेव्हिलच्या हाती गेला. सोनेरी चामड्याचा धंदा सतराव्या शतकात हॉलंड व आसपासच्या प्रदेशांनी उचलला.

या सगळ्यात एक प्रसंग नोंदविण्यासारखा आहे. १५२३ साली बिशपने मशिदीचा मधला भाग पाडून तेथे मोठे कॅथेड्रल उभारण्याचे ठरविले. कुर्तुब्याच्या ख्रिस्ती नगरपरिषदेने त्याला विरोध केला आणि जो कारागीर या पाडकामाला हात लावील त्यास मृत्युदंड दिला जाईल असा हुकूम काढला! ही इमारत पुन्हा कोणाला बांधता येणार नाही हे त्या नगरपित्यांना कळत होते. अखेर सम्राट चार्ल्स (पाचवा) याने बिशपच्या बाजूने निर्णय दिला व काम झाले. इमारतीतील हजारावर खांबांपैकी आज साडेआठशेच्या वर शिल्लक आहेत. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की चर्च म्हणून वापरात राहिल्यामुळेच ही इमारत वाचली. सेव्हिलची मोठी मशीद पाडण्यात आली, तिचा मिनार व अंगण तेवढे उरले.

तिकिटाचा धंदा

आजचे कुर्तुबा सव्वातीन लाखांच्या आसपास वस्तीचे शहर आहे. १९९२ साली माद्रिद-सेव्हिल वेगवान रेल्वे सुरू झाली आणि माद्रिदहून पावणेदोन तासांत येथे पोचता येऊ लागले. त्या नव्या स्थानकाच्या कामात एका रोमन राजवाड्याचे मोठे अवशेष सापडले आणि त्यांतील बराच भाग रुळांखाली गेला. पश्चिमेकडे नव्या वसाहती उभ्या राहताना दहाव्या शतकातील उपनगरांचे रस्ते, घरे व गटारे मैलच्या मैल उघडी पडली. त्यांची मोजमापे घेतली, नकाशे केले आणि बहुतेक ठिकाणी वर इमारती बांधल्या. सामान्य दुकानदार व कारागीर जेथे राहत होते ते शहर असे पुन्हा एकदा गाडले गेले.

राहिली ती मशीद. युनेस्कोने तिला १९८४ साली जागतिक वारसा ठरविले, १९९४ साली तो मान भोवतालच्या जुन्या शहरालाही दिला, २०१२ साली घरांच्या फुललेल्या अंगणांच्या उत्सवाची व २०१८ साली मदीनतुज्जहराची नोंद केली. २०१९ या एका वर्षात सुमारे २० लाख लोकांनी मशीद पाहिली. तिकीट १० युरोच्या वर गेले आहे. हॉटेले, खाणावळी, वाटाडे, स्मरणवस्तूंची दुकाने या सगळ्यांची चूल या एका इमारतीवर पेटते. तिकिटाचा पैसा जातो कॅथेड्रलच्या धर्ममंडळाकडे.

आणि येथेच मालकीचा प्रश्न उभा राहतो. १९९८ साली स्पेनच्या सरकारने नियम बदलून कॅथॉलिक चर्चला आपल्या प्रार्थनामंदिरांची मालमत्ता म्हणून नोंद करण्याची मुभा दिली. त्यासाठी बिशपचे प्रमाणपत्र पुरेसे होते, दुसरे खरेदीखत लागत नव्हते. त्यानुसार २००६ साली कुर्तुब्याच्या बिशपने ही इमारत चर्चच्या नावावर चढविली. नोंदणीचा खर्च आला ३० युरो! म्हणजे आज तीन प्रवाशांच्या तिकिटांतून तो वसूल होऊन वर काही उरेल. ही गोष्ट बाहेर आल्यावर शहरातील नागरिकांनी मोहीम उघडली व लाखो सह्या जमविल्या. मोहीम चालविणारे बहुतांश स्पॅनिश नागरिकच, मुस्लिम नव्हेत, हे लक्षात घ्यावे. २०१५ साली तो नियम रद्द झाला, परंतु झालेल्या नोंदी कायम राहिल्या. १९९८ ते २०१५ या काळात चर्चने देशभर नोंदविलेल्या मालमत्तांची यादी सरकारने २०२१ साली प्रसिद्ध केली, तेव्हा तीत सुमारे ३५ हजार नोंदी निघाल्या.

चर्चचे म्हणणे असे की १२३६ साली राजाने इमारत आमच्याकडे सोपविली व तेव्हापासून ताबा अखंड आहे. मशिदीच्या आधी तेथे चर्च होते, असाही त्यांचा दावा आहे. नगरपालिकेने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१८ साली उलट मत दिले की ही वास्तू सार्वजनिक मालकीची आहे. वाद नावावरही झाला. माहितीपत्रकांतून 'मशीद' हा शब्द गळून नुसते 'कॅथेड्रल' राहिले होते. बराच गाजावाजा झाल्यावर २०१६ साली तो शब्द परत आला. व्यापारी दृष्टीने पाहिले तरी हे गाळणे आतबट्ट्याचेच होते. स्पेनमध्ये कॅथेड्रले पुष्कळ आहेत. लोक येथे येतात ते कमानींचे हे जंगल पाहण्यासाठी.

मुस्लिमांना येथे नमाज पढण्याची परवानगी नाही. स्पेनमधील मुस्लिम संघटनेने केलेली विनंती चर्चने नाकारली. २०१० साली ऑस्ट्रियातून आलेल्या प्रवाशांपैकी काहींनी नमाजाचा प्रयत्न केला तेव्हा पहारेकऱ्यांशी झटापट होऊन दोघांना अटक झाली. ८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री इमारतीत आग लागली. सामान ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या प्रार्थनागृहातील विजेवर चालणाऱ्या झाडू-यंत्राने पेट घेतला होता. त्या भागाचे छत कोसळले, पण अग्निशामक दलाच्या तत्परतेने बाकीची इमारत बचावली. जिच्या आवारात एके काळी शहराची सारी उलाढाल होत होती, तिच्यातच आता यंत्रे व सामान कोठे ठेवावे याची चर्चा सुरू झाली.

धंद्यांपैकी चांदी-सोन्याचा धंदा तेवढा खऱ्या अर्थाने टिकला. तारकामासाठी कुर्तुब्याचे सोनार पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत आणि आज शहराबाहेर त्यांच्यासाठी दागिने-उद्योगाची स्वतंत्र वसाहत आहे. स्पेनमधील दागिन्यांचा मोठा वाटा या शहरात तयार होतो. ऑलिव्हचे तेल तर रोमन काळापासून सुटलेलेच नाही. कुर्तुबा प्रांत आजही स्पेनमध्ये हाएन प्रांताच्या खालोखाल तेल काढतो.

आणि चामडे? मशिदीपासून थोड्याच अंतरावर, यहुद्यांच्या जुन्या गल्लीत, नगरपालिकेने १९५०च्या दशकात कारागिरांसाठी एक छोटासा चौक राखून ठेवला. तेथील गाळ्यांत चांदीकाम, मातीची भांडी व चामड्यावरील नक्षी करणारे मोजके कारागीर बसतात. बकऱ्याच्या कातड्यावर ठसे उठवताना त्यांना पाहता येते आणि माल थेट त्यांच्याकडून घेता येतो. त्या चौकाचे नाव 'सोको'. म्हणजे अरबी 'सूक'.